बरं वाटणं आणि बरं होणं

दर सुट्टीत घराच्या फाटकाची कडी वाजली की सगळ्यात आधी धावत येतो तो खंड्या. आई, आबा आणि आजी त्याच्या मागून येतात. चार वर्षं हे असंच चाललं आहे. अंबाल्याला झेलम एक्सप्रेसमध्ये बसल्यापासून पुण्याला उतरेपर्यंत आणि पुढे साताऱ्याच्या एसटीत मी त्याच क्षणाची वाट बघत असतो. या मे महिन्यात मी कडी वाजवली आणि खंड्या आला नाही. तो व्हरांड्यात उभा होता. शेपटी जोरात हलत होती, पण मागचा उजवा पाय त्याने नुसता बोटांवर टेकवला होता. माझ्याकडे यायला त्याने तीन पावलं टाकली आणि तो खाली बसला.

खंड्या आमचा सहा वर्षांचा लॅब्राडोर. मी नऊ वर्षांचा असताना तो एका खोक्यात बसून घरी आला आणि अकराव्या वर्षी मी शाळेत आलो. म्हणजे आम्ही एकत्र राहिलो ते दोनच वर्षं, बाकी सगळ्या सुट्ट्या. तरी तो कुत्रा कुणाचा असं विचारलं तर घरात सगळे माझंच नाव सांगतात.

तो फेब्रुवारीपासून लंगडत होता. आजीने लचक समजून हळदीचा लेप लावला. चार दिवस बरं वाटे, पाचव्या दिवशी पुन्हा लंगडे. शेवटी साताऱ्यातल्या डॉक्टरांनी त्याचा गुडघा हातात धरून नडगीचं हाड पुढे ढकललं, तर टेबलाचा खण सरकावा तसं ते पुढे सरकलं. गुडघ्यात एकमेकांना ओलांडून जाणारी दोन लिगामेंट असतात, त्यातलं पुढचं तुटलं होतं. माणसाचं हे लिगामेंट बहुतेक वेळा खेळताना एका झटक्यात तुटतं. कुत्र्यांमध्ये ते बऱ्याचदा हळूहळू झिजत जातं आणि मग एखाद्या साध्या उडीत तुटतं. खंड्याचं वजन 38 किलो होतं, त्याचाही यात हात होताच. ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं, पण आईने ते माझ्या सुट्टीपर्यंत थांबवून ठेवलं होतं. बाबा बॉर्डरवर, आईची नोकरी, आबांचं वय चौऱ्याहत्तर आणि आजीचा एक गुडघा बदललेला. एवढ्या मोठ्या कुत्र्याला उचलणार कोण?

“तुझी सुट्टी यात जाईल, बाळा,” आई म्हणाली. मी म्हटलं, जाऊ दे.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सुट्टीच्या आठवडाभर आधी माझ्याही उजव्या नडगीचा एक्स-रे झाला होता. महिनाभर मी दुखणं लपवून क्रॉस कंट्रीचा सराव करत होतो. सिक रिपोर्टला गेलो तर ‘कामचोर’ म्हणतील आणि हाउसच्या टीममधून नाव जाईल, ही भीती होती. एक्स-रेत हाडावर केसाएवढी रेघ दिसली. एमआय रूममधून चिठ्ठी मिळाली: आठ आठवडे धावणं बंद, नंतर पुन्हा तपासणी. ती चिठ्ठी बॅगेच्या तळाशी ठेवून मी घरी सांगितलं, “नडगी जरा दुखते.” स्पर्धा ऑगस्टमध्ये होती. आठ आठवडे थांबलो तर मी टीममध्ये नसणार, हा हिशेब मी ट्रेनमध्येच केला होता.

पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन आम्हाला नीट समजावून सांगितलं. कुत्र्याचा मागचा गुडघा उभं राहतानाही थोडा वाकलेलाच असतो आणि नडगीचा वरचा पृष्ठभाग मागे उतरता असतो. “उतारावर बैलगाडी उभी आहे आणि ती दोरीने बांधून ठेवली आहे असं समज,” ते म्हणाले. “दोरी तुटली. आता प्रत्येक पावलाला गाडी घसरते. आम्ही नवीन दोरी बांधत नाही. आम्ही उतारच सपाट करतो.” म्हणजे नडगीचा वरचा भाग गोलाईत कापायचा, थोडा फिरवायचा आणि धातूची पट्टी व स्क्रू लावून तिथेच घट्ट बसवायचा. पट्टी बहुधा जन्मभर आतच राहते. कापलेलं हाड जुळायला मात्र साधारण आठ आठवडे लागतात.

आठ आठवडे. नडगी. मी खाली बघितलं.

ऑपरेशन नीट झालं. परतताना खंबाटकी घाटाच्या प्रत्येक वळणाला मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो. भुलेचा अंमल पूर्ण उतरला नव्हता, तो मधेच कण्हत होता.

घरी आबांनी सगळी तयारी करून ठेवली होती. आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे आमच्या घरात कोणतंही काम तक्त्याशिवाय होत नाही. जुन्या दिवाणाच्या फळ्या जोडून त्यांनी हॉलमध्ये एक कुंपण केलं होतं. खंड्याला उभं राहता यावं, वळता यावं, पण उडी मारता येऊ नये, एवढंच मोठं. फरशीवर पाय घसरू नये म्हणून दारापर्यंत गोणपाट आणि रबरी मॅट अंथरल्या होत्या. भिंतीवर तक्ता होता: औषध, बर्फ, व्यायाम, शू, चालणं, सही. सहीच्या रकान्यात माझं नाव सगळ्यात जास्त वेळा होतं.

पहिले तीन दिवस दिवसातून तीनदा, टॉवेलात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं गुडघ्यावर धरायचा. बाहेर नेताना पोटाखालून झोळी घालून मागचा भार आपण उचलायचा. झोळीसाठी आजीने तिचं जुनं नऊवारी लुगडं दिलं. “एवढी वर्षं मी नेसले, आता त्याला नेसवा,” ती म्हणाली. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकची मोठी कॉलर होती, तिला आम्ही भोंगा म्हणत असू. तो भोंगा घेऊन खंड्या प्रत्येक दारावर आपटत असे. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तेवढ्याच आणि पोटात अन्न गेल्यावरच. शेजारच्या काकांनी दुखण्यावरची आपली गोळी अर्धी द्यायला सांगितली तेव्हा आई घाईने नाही म्हणाली. आयब्युप्रोफेनसारख्या माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं बिघडू शकतात, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

व्यायाम माझ्याकडे होता. त्याला कुशीवर निजवून पाय हळूहळू वाकवायचा, हळूहळू सरळ करायचा, एका वेळी दहा-पंधरा वेळा. पहिल्या दिवशी त्याने माझं मनगट तोंडात धरलं. चावला नाही, नुसतं धरून ठेवलं. मी थांबलो की तोही सोडे.

बाराव्या दिवशी टाके निघाले. पाच मिनिटांचं चालणं सुरू झालं, तेही आखूड पट्ट्यावर आणि अगदी संथ. संथ का, तर घाईने चालवलं की कुत्रा दुखरा पाय उचलून तीन पायांवर उड्या मारत जातो. हळू चाललं तरच तो चौथा पाय टेकतो. दर आठवड्याला दोन-चार मिनिटं वाढवायची. ज्या रस्त्यावर आम्ही दोघे धावायचो, तिथे आता मुंग्यांनाही आम्हाला मागे टाकता आलं असतं.

आजीला हे पटत नव्हतं. “मला गुडघा बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन चालवलं. आणि याला का डांबून ठेवलंय?” मी तिला सांगितलं, “आजी, तुझ्या गुडघ्यात नवीन सांधा घट्ट बसवला होता. याचं हाड कापलंय, ते अजून जुळायचंय.” तिने मान हलवली. तरी दुपारी भाकरीचा तुकडा गुपचूप कुंपणात जायचाच. त्याचं वजन कमी करायचं होतं, त्यामुळे आबांनी तक्त्यात एक रकाना वाढवला: ‘आजीची भाकरी – बंद’.

त्याच दिवसांत आबांचे एक जुने मित्र घरी आले. ते सैन्याच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोरमधून निवृत्त झाले आहेत. याच कोरच्या मेरठच्या केंद्रात सैन्याचे कुत्रे तयार होतात. ‘पशु सेवा अस्माकम् धर्म’ हे कोरचं ब्रीदवाक्य त्यांनी मला अभिमानाने सांगितलं. सप्टेंबर 2023 मध्ये राजौरीच्या चकमकीत आपल्या हँडलरला वाचवताना मारली गेलेली केंटही लॅब्राडोरच होती, वयही सहाच. हे सांगताना ते खंड्याच्या कानामागे खाजवत होते. मग त्यांनी त्याचा गुडघा चाचपला आणि म्हणाले, “कुत्रा दुखणं लपवतो. त्याला सिक रिपोर्टला जाता येत नाही. ते काम हँडलरचं. त्याचं दुखणं हँडलरने ओळखायचं आणि हँडलरनेच सांगायचं.”

मी “हो काका” म्हटलं. ते माझ्याबद्दल बोलत नव्हते. पण त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही.

चौथ्या आठवड्यानंतरचा काळ सगळ्यात अवघड असतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. सुरुवातीला दुखतं म्हणून कुत्रा आपणहून गप्प असतो. मग सूज उतरते, तो पाय टेकू लागतो आणि त्याला वाटतं आपण बरे झालो. हाडाला मात्र अजून निम्मा वेळ हवा असतो. खंड्या आता कुंपणाच्या फळीवर पंजे मारू लागला होता. त्याला बरं वाटत होतं.

मलाही वाटत होतं. नडगी दाबली तरी दुखत नव्हती. महिनाभर विश्रांती झाली, आता हळूहळू सुरू करायला काय हरकत आहे? पाचव्या आठवड्यात मी पहाटे उठून पळायला लागलो. पहिल्या दिवशी एक किलोमीटर, दुसऱ्या दिवशी दोन. घरात कुणाला कळू नये म्हणून पुढचं दार नुसतं लोटून जायचो.

तिसऱ्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. मी अंधारात बूट चढवले, खंड्याने मान वर केली. बूट म्हणजे फिरायला जाणं, हे त्याला माहीत होतं. “नाही, झोप,” मी कुजबुजलो आणि निघालो. त्याच्या फळीला दोन कड्या होत्या. रात्री मी वरची लावली होती, खालची लावायची राहिली होती.

कोपऱ्यावर पोचलो आणि मागून भुंकणं ऐकू आलं. वळून बघितलं तर खंड्या माझ्याकडे धावत येत होता, चारही पायांवर, कान मागे, जीभ बाहेर, अगदी पूर्वीसारखा. खरं सांगतो, एक क्षण मला आनंद झाला. मग ओल्या रस्त्यावर त्याचा मागचा पाय सरकला आणि तो असा ओरडला की समोरच्या घरात दिवा लागला.

मी त्याला उचलून घरी आणलं. तेव्हा तो 35 किलोचा होता. माझी नडगीही ठणकत होती, पण तिच्याबद्दल विचार करायची माझी लायकी नव्हती. आबा दारात उभे होते.

“काय झालं?”

“दार उघडं राहिलं. बाहेर पळाला.”

आबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी माझ्या पायांतल्या बुटांकडे बघितलं.

सात वाजता आईने पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला, कारण सगळी माहिती मला होती. डॉक्टरांनी एकामागून एक प्रश्न विचारले. किती अंतर धावला? पायऱ्या उतरला की उडी मारली? रस्ता ओला होता का? पडला तेव्हा पाय कुठल्या बाजूला गेला? तू किती लांब होतास? दार उघडं राहिल्याची गोष्ट सांगून यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं. आणि खोटं उत्तर दिलं असतं तर ते खंड्याच्या पायावर गेलं असतं. मी खरं सांगितलं. पायऱ्या चार, त्या उतरला की उड्या मारल्या ते पाहिलं नाही. अंतर साधारण दोनशे पावलं. मी पळायला गेलो होतो आणि तो माझ्या मागे आला. आई शेजारीच उभी होती. तिने सगळं ऐकलं.

साताऱ्यात एक्स-रे काढून तो पुण्याला फोनवर पाठवला. उत्तर येईपर्यंत दोन तास गेले. त्या दोन तासांत मी खंड्याजवळ बसून होतो आणि तो माझा हात चाटत होता. ज्याच्यामुळे लागलं त्याचाच हात. एखादी शिक्षा मिळाली असती तर सोपं गेलं असतं.

पट्टी जागेवर होती. स्क्रू जागेवर होते. हाड हललं नव्हतं. पण गुडघा चांगलाच सुजला होता. म्हणून दोन आठवडे पुन्हा मागे जायचं: झोळी, बर्फ आणि फक्त शूपुरतं बाहेर.

दुपारी मी बॅगेच्या तळातली चिठ्ठी काढून आईला दिली. तिने ती दोनदा वाचली. ती रागावेल असं मला वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, “तुझ्या पायाचं ऑपरेशन करायची वेळ आली असती तर तेही मला डॉक्टरांच्या फोनवरूनच कळलं असतं का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिने ती चिठ्ठी भिंतीवर खंड्याच्या तक्त्याशेजारी चिकटवली. संध्याकाळी आबांनी तक्त्यात माझ्यासाठी एक रकाना आखला: ‘धावणं – नाही’. त्यापुढे रोज सही मीच करायची होती. सुट्टी संपेपर्यंत मी रोज केली.

शाळेत आपण ‘अजून एक चक्कर’, ‘अजून दहा’ हे शिकतो आणि ते मला आवडतं. थकल्यावरही पाय उचलायला शिकणं सोपं नाही. पण बरं वाटत असताना पाय न उचलणं त्याहून अवघड आहे, हे मला खंड्याच्या कुंपणाशेजारी बसून कळलं. थकवा आणि दुखापत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकव्यावर मात करता येते. हाडावर मात करता येत नाही, त्याला वेळच द्यावा लागतो. तो वेळ किती, हे आपल्याला काय वाटतं त्यावर ठरत नाही.

सुट्टी संपली तेव्हा खंड्या पुन्हा पाच मिनिटांवर आला होता. निघताना मी त्याला कुंपणातच भेटलो. काही आठवड्यांनी रविवारी घरी फोन केला तेव्हा आईने सांगितलं की नवीन एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतंय. अजून महिनाभर पट्ट्यावरच, मग हळूहळू मोकळं सोडायचं. “आणि वजन 33,” मागून आबा ओरडले. “आजीला सांग,” मी म्हणालो.

माझी रेघही भरत आली होती. पण ऑगस्टची स्पर्धा गेली. मी वळणावर झेंडा घेऊन उभा राहिलो आणि आमचं हाउस तिसरं आलं. मी धावलो असतो तर काय झालं असतं, हा विचार मनात आला नाही असं म्हणणार नाही.

त्यानंतर आठवडाभराने पीटीच्या फॉल-इनमध्ये आमच्या हाउसचा सातवीतला एक कॅडेट मला दिसला. तो सरळ उभा होता, चेहराही नीट होता. पण उजवा पाय त्याने नुसता बोटांवर टेकवला होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. “काही नाही भैया, ठीक आहे,” तो म्हणाला. मी उस्तादांना सांगितलं आणि त्याला एमआय रूममध्ये घेऊन गेलो. त्याला दोन आठवडे पीटी बंद झाली. तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी मेसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला आणि विचारलं, “भैया, तुमच्या घरी कुत्रा आहे का?”

आता दिवाळीची सुट्टी जवळ आली आहे. खंड्याला धावायची परवानगी मिळाली आहे. पण एका गुडघ्याचं लिगामेंट तुटलेल्या बऱ्याच कुत्र्यांचं पुढे दुसऱ्या गुडघ्याचंही तुटतं, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. म्हणून या वेळी मी फाटकाची कडी वाजवणार नाही. हळूच उघडून आत जाईन, आणि तो उठायच्या आत त्याच्याजवळ पोचेन.